मेंदूची रचना आणि चेतासंस्थेची तपासणी

चेतासंस्थेची तपासणी ही मेंदू, मेरुरज्जू, चेता आणि स्नायू यांचे कार्य जोखण्याची वैद्यकीय पद्धत आहे. रुग्णाशी केलेले संभाषण, बारकाईचे निरीक्षण आणि हातोडी, विजेरी, कापसाचा बोळा, नादकाटा यांसारखी साधी साधने यांच्या आधारे ही तपासणी केली जाते. कवटीत बंदिस्त असलेल्या मेंदूला हाताने चाचपता येत नाही आणि त्याचे ठोके ऐकता येत नाहीत. त्यामुळे शरीराच्या हालचाली, संवेदना, वाणी, दृष्टी व स्मृती यांतील बदलांवरून त्याच्या अवस्थेचे अनुमान करावे लागते. मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे सोपवलेली असल्यामुळे असे अनुमान शक्य होते. म्हणूनच मेंदूची रचना आणि चेतासंस्थेची तपासणी हे दोन विषय एकत्र अभ्यासले जातात.

स्थाननिश्चितीचे तत्त्व

चेतासंस्थेच्या आजारांचे निदान करताना दोन प्रश्न क्रमाने विचारले जातात. पहिला प्रश्न, बिघाड कुठे आहे? दुसरा, तो कशामुळे झाला आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने शारीरिक तपासणीतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा लक्षणांच्या कालक्रमात दडलेले असते. क्षणार्धात उद्भवलेली लक्षणे रक्तवाहिनीतील अडथळा किंवा रक्तस्राव सुचवतात, काही तासांत वा दिवसांत वाढणारी लक्षणे जंतुसंसर्ग किंवा दाह सुचवतात, तर महिनोन्महिने हळूहळू वाढत जाणारी लक्षणे गाठ किंवा चेतापेशींचा ऱ्हास यांकडे बोट दाखवतात.

उजव्या हातात जोर नसणे ही एकच तक्रार उदाहरणादाखल घेता येईल. तिचे मूळ डाव्या प्रमस्तिष्कात, मस्तिष्कस्तंभात, मानेतील मेरुरज्जूत, मेरुरज्जूतून बाहेर पडणाऱ्या चेतामुळात, हाताच्या एखाद्या चेतेत, चेता व स्नायू यांच्या सांध्यात किंवा प्रत्यक्ष स्नायूत असू शकते. तक्रार एकच असली तरी या प्रत्येक ठिकाणच्या बिघाडासोबत येणारी इतर लक्षणे वेगळी असतात. सोबतच्या या लक्षणांचा शोध घेणे हाच तपासणीचा गाभा होय.

मेंदूची रचना

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणतः १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. शरीराच्या एकूण वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांना आधार व पोषण देणाऱ्या सहायक पेशीही मोठ्या संख्येने असतात.

आवरणे आणि द्रव

कवटीच्या आत मेंदूभोवती तीन मस्तिष्कावरणे असतात. सर्वांत बाहेरचे जाड दृढावरण, मधले जाळीदार जालावरण आणि मेंदूच्या पृष्ठभागाला चिकटलेले मृदू आवरण अशी त्यांची नावे आहेत. जालावरण व मृदू आवरण यांच्यामधील जागेत मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. प्रौढात या द्रवाचे प्रमाण सुमारे १५० मिलिलिटर असते. दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर द्रव तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. हा द्रव मेंदूला धक्क्यांपासून वाचवतो. त्याच्या वहनात अडथळा आल्यास मेंदूतील पोकळ्या फुगतात. प्रौढाची कवटी ताणली जात नसल्याने आतील दाब वाढून मेंदूवर ताण येतो. मस्तिष्कावरणांना सूज आल्यास मान पुढे वाकवताना ती ताठ होते. मानेचा हा ताठरपणा तपासणीतील महत्त्वाचे चिन्ह आहे.

प्रमस्तिष्क

प्रमस्तिष्क हा मेंदूचा सर्वांत मोठा भाग असून तो दोन गोलार्धांत विभागलेला असतो. दोन्ही गोलार्ध चेतातंतूंच्या एका जाड पट्ट्याने जोडलेले असतात. पृष्ठभागावरील करड्या रंगाचे बाह्यक केवळ काही मिलिमीटर जाड असते, परंतु वळ्यांमुळे त्याचे क्षेत्रफळ मोठे होते. प्रत्येक गोलार्धाचे चार प्रमुख खंड मानले जातात.

ललाटखंड कपाळामागे असतो. ऐच्छिक हालचाली, नियोजन, निर्णय, संयम आणि सामाजिक वर्तन यांच्याशी त्याचा संबंध आहे. त्याच्या मागील कडेला हालचालींचे नियंत्रण करणारा प्रेरक पट्टा असतो.

पार्श्विकाखंड डोक्याच्या वरच्या बाजूस, ललाटखंडाच्या मागे असतो. स्पर्श, स्थितीचे भान, अवकाशाचे आकलन आणि आकडेमोड ही कामे त्याच्याकडे असतात. उजव्या पार्श्विकाखंडाला इजा झालेली व्यक्ती आपल्या डाव्या बाजूकडे दुर्लक्ष करू लागते. ताटातील डाव्या अर्ध्या भागातले अन्न तसेच राहिले, तरी तिला ते जाणवत नाही.

शंखखंड कानशिलाच्या आत असतो. श्रवण, भाषेचे आकलन आणि स्मृती यांच्याशी तो निगडित आहे. नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग त्याच्या आतील बाजूस असतो.

पश्चखंड डोक्याच्या मागील भागात असून दृष्टीचे केंद्र तेथे असते. डोळे पूर्णपणे निरोगी असतानाही दोन्ही पश्चखंडांच्या इजेमुळे अंधत्व येऊ शकते.

उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींत भाषेची केंद्रे डाव्या गोलार्धात असतात. डावखुऱ्या व्यक्तींपैकीही बहुतेकांमध्ये हीच स्थिती आढळते. त्यामुळे रुग्ण कोणत्या हाताने लिहितो वा काम करतो, ही नोंद तपासणीच्या प्रारंभीच केली जाते.

खोलवरचे भाग

गोलार्धांच्या आत थॅलॅमस, हायपोथॅलॅमस आणि तलीय गंडिका हे करड्या द्रव्याचे समूह असतात. थॅलॅमसमधून बहुतेक संवेदना बाह्यकाकडे जातात. हायपोथॅलॅमस तहान, भूक, शरीराचे तापमान आणि अनेक संप्रेरके यांचे नियमन करतो. तलीय गंडिका हालचालींचा वेग व सहजता राखतात. मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागातील काळसर द्रव्यातून त्यांना डोपामिन मिळते. तेथील पेशी नष्ट होऊ लागल्या की कंपवात होतो.

अनुमस्तिष्क

अनुमस्तिष्क प्रमस्तिष्काच्या मागे व खाली असते. त्याचे वजन मेंदूच्या सुमारे एक दशांश असले, तरी मेंदूतील एकूण चेतापेशींपैकी सुमारे ८० टक्के पेशी त्यात असतात. हालचालींतील अचूकता, मेळ आणि शरीराचा तोल ही त्याची मुख्य कामे आहेत. अनुमस्तिष्काच्या विकारात स्नायूंची ताकद जात नाही, पण हालचाल बेताल होते.

मस्तिष्कस्तंभ

मध्यमेंदू, सेतू आणि मस्तिष्कपुच्छ यांचा मिळून मस्तिष्कस्तंभ बनतो. अंगठ्याएवढ्या जाडीच्या या भागातून मेंदूकडे जाणारे व मेंदूकडून येणारे मुख्य मार्ग जातात. जागृतावस्था टिकवणारे जाळे, श्वसन व हृदयगती यांची केंद्रे आणि १२ पैकी १० कर्परचेतांच्या जोड्यांची केंद्रे येथेच असतात. त्यामुळे येथील लहानशी इजाही प्राणघातक ठरू शकते.

मार्गांचे छेदन

शरीराच्या हालचालींचा मुख्य मार्ग प्रेरक पट्ट्यापासून निघतो आणि मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या भागात त्यातील बहुतेक तंतू विरुद्ध बाजूस जातात. त्यामुळे डाव्या गोलार्धातील बिघाडाचा परिणाम उजव्या अंगावर दिसतो. स्थितीचे भान व कंप यांची संवेदना वाहणारे तंतूही मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात. वेदना व तापमान यांचे तंतू मात्र मेरुरज्जूत शिरल्यावर लवकरच विरुद्ध बाजूस जातात. अनुमस्तिष्काचा परिणाम शरीराच्या त्याच बाजूवर होतो. बिघाडाची जागा ठरवताना मार्ग कुठे बाजू बदलतो हे ठाऊक असणे आवश्यक असते.

रक्तपुरवठा

मेंदूला चार मुख्य धमन्यांतून रक्त मिळते. मानेच्या पुढील भागातून दोन अंतर्गत कॅरोटिड धमन्या आणि मणक्यांतून दोन कशेरुक धमन्या कवटीत शिरतात. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा एकमेकींना जोडल्या जाऊन कडे तयार होते. इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात. मेंदूत ऑक्सिजन वा ग्लुकोजचा लक्षणीय साठा नसतो. रक्तप्रवाह पूर्णपणे थांबल्यास काही सेकंदांतच शुद्ध हरपते.

इतिहास

मेंदूच्या विशिष्ट भागाकडे विशिष्ट काम असते की संपूर्ण मेंदू एकसंधपणे काम करतो, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा वाद होता. १८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाच्या कामावरील मुकादम फिनिअस गेज याच्या डोक्यातून सुमारे एक मीटर लांबीची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू शकला. परंतु ललाटखंडाच्या इजेनंतर त्याचा स्वभाव बदलल्याचे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने नोंदवले.

१८६१ साली फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका याने पॅरिसमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचे निरीक्षण मांडले. लेबोर्न्य नावाचा हा रुग्ण अनेक वर्षे ‘तां’ या एकाच ध्वनीने बोलत असे, मात्र त्याला इतरांचे बोलणे बरेचसे समजत होते. मृत्यूनंतर त्याच्या डाव्या ललाटखंडात इजा आढळली. १८७४ साली जर्मन वैद्य कार्ल वेर्निके याने याच्या उलट स्थितीचे वर्णन केले. त्याच्या रुग्णांचे बोलणे ओघवते पण अर्थहीन असे आणि त्यांना इतरांचे बोलणे समजत नसे. त्यांची इजा डाव्या शंखखंडाच्या मागील भागात होती. दरम्यान १८७० साली गुस्ताव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या ठरावीक भागाला विद्युतप्रवाह दिल्यास विरुद्ध बाजूचे ठरावीक स्नायू आकुंचन पावतात, हे दाखवून दिले होते.

याच काळात तपासणीची साधनेही घडत गेली. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया निदानासाठी उपयुक्त असल्याचे विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल यांनी १८७५ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. जोसेफ बाबिन्स्की याने १८९६ साली पॅरिसमध्ये एका अगदी छोट्या टिपणात पायाच्या अंगठ्याचे चिन्ह मांडले. चेतापेशींच्या रचनेवरील संशोधनासाठी कामिल्लो गॉल्जी आणि सान्तियागो रामोन इ काहाल यांना १९०६ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कवटी न उघडता मेंदूचे चित्र दाखवणारे सीटी स्कॅन तंत्र रुग्णावर सर्वप्रथम १९७१ साली लंडनमध्ये वापरले गेले. तोपर्यंत बिघाडाची जागा ठरवण्याचे मुख्य साधन प्रत्यक्ष तपासणी हेच होते.

तपासणीचे टप्पे

पूर्ववृत्त

रुग्णाची हकिकत ऐकणे हा तपासणीचा पहिला आणि सहसा सर्वांत महत्त्वाचा टप्पा असतो. लक्षण केव्हा सुरू झाले, अचानक की हळूहळू, वाढत गेले की ओसरले, हे विचारले जाते. शुद्ध हरपणे किंवा आकडी येणे यांसारख्या प्रसंगात रुग्णाला स्वतःला काहीच आठवत नसते. तेथे प्रत्यक्षदर्शीची साक्ष मोलाची ठरते. नातेवाइकांनी मोबाइलवर केलेले चित्रीकरणही निदानास मदत करते. आकडी आलेल्या व्यक्तीला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा कोणताही उपयोग नसतो आणि दातांमध्ये चमचा घातल्यास इजा होऊ शकते. रुग्णाला कुशीवर वळवणे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर करणे आणि झटका किती वेळ टिकला याची घड्याळात नोंद घेणे उपयुक्त असते.

जाणीव आणि उच्च बौद्धिक कार्ये

रुग्ण जागा आहे का, हाकेला उत्तर देतो का, त्याला स्थळ, काळ व व्यक्ती यांचे भान आहे का, हे प्रथम पाहिले जाते. त्यानंतर लक्ष, स्मृती, भाषा, आकडेमोड आणि निर्णयशक्ती तपासतात. तीन शब्द सांगून काही मिनिटांनी ते विचारणे, वार उलट्या क्रमाने म्हणायला लावणे आणि शंभरातून सात वजा करत जाणे या प्रचलित चाचण्या आहेत.

भाषेच्या तपासणीत उत्स्फूर्त बोलणे, आकलन, वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणणे, वाचन व लेखन पाहिले जाते. वाचाघात आणि उच्चारदोष यांतील फरक महत्त्वाचा आहे. उच्चारदोषात शब्द योग्य असतात, केवळ ओठ, जीभ व घसा यांच्या हालचाली बिघडलेल्या असतात. वाचाघातात भाषाच बिघडते. वेर्निकेच्या वाचाघातातील ओघवते पण असंबद्ध बोलणे ऐकून कुटुंबीयांना व्यक्ती भ्रमिष्ट झाली असे वाटू शकते आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्यावर वेळेत उपचार होत नाहीत.

कर्परचेता

कर्परचेतांच्या १२ जोड्या असून त्यांची क्रमाने तपासणी होते. गंधज्ञान पहिल्या चेतेकडे, दृष्टी दुसऱ्या चेतेकडे, डोळ्यांच्या हालचाली तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या चेतेकडे, चेहऱ्याची संवेदना व चर्वण पाचव्या चेतेकडे, चेहऱ्याच्या हालचाली सातव्या चेतेकडे, श्रवण व तोल आठव्या चेतेकडे, घसा व स्वर नवव्या आणि दहाव्या चेतेकडे, मान वळवणे व खांदा उचलणे अकराव्या चेतेकडे आणि जिभेची हालचाल बाराव्या चेतेकडे असते.

विजेरीचा प्रकाश एका डोळ्यात टाकल्यावर दोन्ही बाहुल्या आकुंचन पावल्या पाहिजेत. प्रकाशाची वर्दी दुसरी चेता नेते आणि आकुंचनाची आज्ञा तिसरी चेता आणते. डोक्याला मार लागलेल्या व्यक्तीची शुद्ध मंदावत जाऊन एका बाजूची बाहुली मोठी होऊ लागली व प्रकाशाला प्रतिसाद देईनाशी झाली, तर मेंदू सरकून तिसऱ्या चेतेवर दाब येत असल्याची शक्यता असते. अशा वेळी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

चेहरा वाकडा होण्याची दोन मुख्य कारणे तपासणीतून वेगळी करता येतात. कपाळाच्या स्नायूंना दोन्ही गोलार्धांकडून आज्ञा मिळतात. त्यामुळे पक्षाघातात चेहऱ्याचा खालचा भाग लुळा पडला तरी कपाळावर आठ्या घालता येतात. सातवी चेता स्वतःच बाधित झाल्यास, उदाहरणार्थ बेलच्या पक्षाघातात, त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि डोळाही नीट मिटत नाही.

हालचाल आणि ताकद

स्नायूंचा आकार, ताण, थरथर आणि ताकद तपासली जाते. ताकदीचे मोजमाप ० ते ५ या श्रेणीत करतात. स्नायूचे आकुंचन अजिबात नसल्यास ०, केवळ किंचित आकुंचन दिसल्यास १, गुरुत्वाकर्षणाचा विरोध नसताना हालचाल झाल्यास २, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल झाल्यास ३, तपासणाऱ्याच्या विरोधाला काही प्रमाणात तोंड देता आल्यास ४ आणि पूर्ण ताकद असल्यास ५ अशी नोंद होते. सौम्य कमजोरी ओळखण्यासाठी रुग्णाला डोळे मिटून तळवे वरच्या दिशेने ठेवत दोन्ही हात समोर धरण्यास सांगतात. कमजोर हात हळूहळू आत वळतो आणि खाली येतो.

प्रतिक्षिप्त क्रिया

स्नायूबंधावर हातोडीने हलका आघात केला असता स्नायू आकुंचन पावतो. या क्रियेचे वर्तुळ मेरुरज्जूच्या ठरावीक पातळीवर पूर्ण होते. गुडघ्याची क्रिया कटिभागातील तिसऱ्या व चौथ्या, घोट्याची क्रिया त्रिकभागातील पहिल्या, दंडाच्या पुढील स्नायूची क्रिया मानेतील पाचव्या व सहाव्या, तर मागील स्नायूची क्रिया मानेतील सातव्या चेतामुळाशी संबंधित असते. मेंदू वा मेरुरज्जूतील मार्गाचा बिघाड असल्यास क्रिया तीव्र होतात आणि स्नायू ताठर बनतात. मेरुरज्जूपासून स्नायूपर्यंत जाणाऱ्या चेतेचा बिघाड असल्यास क्रिया मंदावतात वा नाहीशा होतात, स्नायू सैल पडतात आणि कालांतराने सुकतात. तीव्र इजेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत मात्र मेरुरज्जूच्या बिघाडातही क्रिया नाहीशा असू शकतात.

तळपायाच्या बाहेरील कडेवरून टाचेपासून पुढे बोथट टोकाने रेघ ओढली असता सामान्यतः अंगठा खाली वळतो. तो वर उचलला गेल्यास त्यास बाबिन्स्कीचे चिन्ह म्हणतात आणि ते हालचालींच्या मुख्य मार्गातील बिघाड दर्शवते. तान्ह्या बाळात हा मार्ग परिपक्व झालेला नसल्याने तेथे हे चिन्ह स्वाभाविक असते.

संवेदना

हलका स्पर्श, वेदना, तापमान, कंप आणि सांध्यांची स्थिती या संवेदना वेगवेगळ्या तपासल्या जातात, कारण त्यांचे मार्ग वेगळे आहेत. शरीराची त्वचा मेरुचेतांच्या पट्ट्यांत विभागलेली असते. स्तनाग्राची पातळी वक्षभागातील चौथ्या आणि बेंबीची पातळी दहाव्या चेतेशी जुळते. बेंबीच्या खाली संवेदना नाहीशी झाल्यास मेरुरज्जूचा बिघाड कोणत्या पातळीच्या आसपास आहे, हे त्यावरून समजते.

कुष्ठरोगात बाह्य चेता बाधित होत असल्याने संवेदनाहीन चट्टे आढळतात. कोपराजवळची व गुडघ्याच्या बाहेरील बाजूची चेता जाड झाली आहे का, हे बोटांनी चाचपून पाहिले जाते. वेळेत निदान झाल्यास औषधांनी आजार बरा होतो आणि हातापायांतील व्यंग टाळता येते.

समन्वय, तोल आणि चाल

बोट नाकाला आणि मग तपासणाऱ्याच्या बोटाला लावणे, टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून सरकवणे आणि तळहात वेगाने पालथा-उताणा करणे या चाचण्यांतून अनुमस्तिष्काचे कार्य दिसते. रोम्बर्गच्या चाचणीत रुग्णाला पाय जुळवून उभे करतात व मग डोळे मिटण्यास सांगतात. डोळे उघडे असताना स्थिर असलेली व्यक्ती डोळे मिटताच डोलू लागली, तर पायांकडून येणारे स्थितीचे भान कमी झालेले असते. ब जीवनसत्त्वाच्या बारा क्रमांकाच्या प्रकाराची कमतरता हे त्याचे एक कारण आहे. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, ही अशा रुग्णांची नेहमीची तक्रार असते. हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज पदार्थांतून मिळत असल्याने काटेकोर शाकाहारी व्यक्तींत त्याची कमतरता अधिक आढळते.

चाल पाहणे हा स्वतंत्र टप्पा आहे. पक्षाघातानंतर पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवत टाकला जातो. कंपवातात पावले लहान पडतात आणि हातांचे झोके कमी होतात. अनुमस्तिष्काच्या विकारात पाय फाकून, झोकांड्या खात चालावे लागते.

ग्लासगो कोमा मापनश्रेणी

जाणिवेच्या पातळीचे वर्णन प्रत्येकाने आपापल्या शब्दांत केल्यास गोंधळ होतो. तो टाळण्यासाठी ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली एक मापनश्रेणी मांडली. तीत डोळे उघडण्याला १ ते ४, बोलण्याला १ ते ५ आणि हालचालीला १ ते ६ असे गुण देतात. एकूण गुण कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ होतात. डोक्याच्या इजेत १३ ते १५ गुण सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी गुण गंभीर इजा दर्शवतात. एका वेळच्या गुणांपेक्षा वारंवार केलेल्या नोंदींतील घट अधिक अर्थपूर्ण असते.

स्थाननिश्चितीची उदाहरणे

उजव्या हातातील कमजोरीचे उदाहरण पुन्हा घेतल्यास तपासणीचा उपयोग स्पष्ट होतो. कमजोरीसोबत चेहऱ्याची उजवी बाजू लुळी असून वाचाघात असल्यास बिघाड डाव्या गोलार्धात असतो. चेहऱ्याच्या डाव्या बाजूचे कपाळासह सर्व स्नायू लुळे आणि हात-पाय उजवीकडचे कमजोर असल्यास, म्हणजे दोष दोन बाजूंत विभागलेला असल्यास, बिघाड मस्तिष्कस्तंभात असतो. चेहरा ठीक असून दोन्ही पाय ताठर झाले असतील आणि लघवीवरील ताबा गेला असेल, तर मानेतील मेरुरज्जूचा विचार करावा लागतो. मानेपासून हातात उतरणारी कळ व एकाच पट्ट्यातील बधिरता चेतामूळ दाबले गेल्याचे सुचवते. संवेदना शाबूत असून दिवस कलता कमजोरी वाढत असेल व पापण्या जड होत असतील, तर चेता व स्नायू यांच्या सांध्याचा विकार संभवतो.

पक्षाघात आणि वेळ

मेंदूतील मोठी धमनी गुठळीने बंद झाल्यास दर मिनिटाला सरासरी सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांत नळीद्वारे गुठळी बाहेर काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंत करता येतो. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक दृष्टी जाणे किंवा तोल जाणे ही लक्षणे दिसताच सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचणे आवश्यक असते. रक्तवाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे, हे केवळ तपासणीवरून खात्रीने सांगता येत नाही आणि दोहोंचे उपचार परस्परविरुद्ध असतात. म्हणून स्कॅन अपरिहार्य ठरतो. रुग्ण झोपेतून उठताना लक्षणे आढळल्यास तो शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता, ती वेळ ग्राह्य धरली जाते. नातेवाइकांना ही वेळ सांगता येणे उपचाराच्या निर्णयासाठी महत्त्वाचे असते.

भाषा, शिक्षण आणि तपासणी

बौद्धिक कार्यांच्या चाचण्यांवर शिक्षणाचा व भाषेचा प्रभाव पडतो. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या आणि जगभर वापरल्या गेलेल्या ३० गुणांच्या चाचणीत वाचन, लेखन आणि आकृती काढणे यांचा समावेश आहे. शाळेत न गेलेल्या निरोगी व्यक्तीलाही तीत कमी गुण मिळू शकतात आणि तिच्यावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसू शकतो. हरियाणातील बल्लभगड परिसरातील ग्रामीण ज्येष्ठांसाठी १९९० च्या दशकात या चाचणीचे हिंदी रूप तयार करताना निरक्षर व्यक्तींना उत्तरे देता येतील असे बदल करण्यात आले.

मराठी भाषकांच्या तपासणीतही हेच तत्त्व लागू होते. इंग्रजी तारखेऐवजी चालू मराठी महिना किंवा नुकताच होऊन गेलेला सण विचारणे, कागदावरील वजाबाकीऐवजी बाजारातील सुट्ट्या पैशांचा हिशेब विचारणे अधिक न्याय्य ठरते. बहुभाषक व्यक्तीत वाचाघाताचा परिणाम सर्व भाषांवर सारखा होईलच असे नाही. त्यामुळे घरी अहिराणी, मालवणी वा कोकणी बोलणाऱ्या रुग्णाची भाषा केवळ प्रमाण मराठीत तपासल्यास दोषाचे चुकीचे मोजमाप होऊ शकते.

भारतातील कार्य

भारतीय चेतावैद्यक संघटना १९५१ साली स्थापन झाली. मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालयाशी संबंधित चेतावैद्य नोशीर वाडिया यांनी आर. के. स्वामी यांच्यासह १९७१ साली नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांत अनुमस्तिष्काच्या ऱ्हासासोबत डोळ्यांची झटकन होणारी हालचाल विलक्षण मंद झालेली होती. एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूकडे नजर वळवण्यास सांगून पाहता येणाऱ्या या चिन्हावरून एका विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली. त्यामागील जनुकीय दोषाचा उलगडा पुढे काही दशकांनी झाला.

मर्यादा

तपासणीचे निष्कर्ष तपासणाऱ्याच्या अनुभवावर आणि रुग्णाच्या सहकार्यावर अवलंबून असतात. मेंदूच्या काही भागांतील लहान बिघाड कोणतेही चिन्ह दाखवत नाहीत. वाढलेला दाब सहाव्या चेतेवर ताण आणून बिघाडाच्या जागेविषयी दिशाभूल करू शकतो. रक्तातील साखर कमी झाल्यास पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात, म्हणून साखरेची तपासणी तत्काळ केली जाते.

मण्यार किंवा नाग यांच्या विषामुळे स्नायू पूर्णपणे लुळे पडतात. अशा रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या, बाहुल्या प्रतिसादहीन आणि प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशा असू शकतात. मेंदू मृत झाल्यासारखे हे चित्र दिसत असले, तरी रुग्ण आतून शुद्धीवर असू शकतो आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास व उपचार मिळाल्यास पूर्ण बरा होऊ शकतो. मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू जाहीर करण्यापूर्वी विष, औषधांचा अंमल, शरीराचे घटलेले तापमान आणि चयापचयातील बिघाड ही कारणे वगळावी लागतात. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार हा निर्णय चार डॉक्टरांचे मंडळ घेते आणि ठरावीक चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा केल्या जातात.

सीटी स्कॅन व एमआरआय यांमुळे मेंदूची रचना प्रत्यक्ष पाहता येऊ लागली. तरीही कोणत्या भागाचे चित्र घ्यायचे आणि चित्रात दिसलेला दोष लक्षणांना खरोखर कारणीभूत आहे का, हे तपासणीनेच ठरते. पाय लुळे पडल्याची तक्रार असलेल्या रुग्णाच्या कमरेचे चित्र निर्दोष आले, तरी बिघाड छातीच्या वा मानेच्या पातळीवर असू शकतो. तळपायावर ओढलेली रेघ ही शक्यता दाखवून देते.

हे सुद्धा पहा

चेतासंस्था
मेरुरज्जू
प्रतिक्षिप्त क्रिया
पक्षाघात
अपस्मार
कंपवात